बनियनवरचा डाग

स्वयंपाक करता करता, निवडण-टिपण करता करता जिथं असाल तिथं जरा कान द्या. आज आपल्या घरातल्या पुरुषमाणसांविषयी बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंना धुणं धुताना मालकांच्या बनियनवर एक डाग दिसायचा. रोज त्याच जागी, डाव्या छातीवर. विचारलं तर म्हणायचे, "पोतं घासलं असेल." पुढं बोंडाखाली गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून हळदीचा लेप लावला. बोंड आत ओढलं गेलं, तरी दवाखान्यात जायला तयार होईनात. सात-आठ महिने असेच गेले. शेवटी ताईंनी गटाच्या बैठकीत रडत रडत सांगितलं, तेव्हा आम्ही दोघीतिघी त्यांच्या घरी गेलो. दादा खाली मान घालून एवढंच म्हणाले, "हा बायकांचा रोग. लोक हसतील."

तपासणीत स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. पण तोवर गाठ काखेपर्यंत गेली होती. आधी गेलो असतो तर उपचार सोपे झाले असते, ही चुटपुट आम्हाला अजून लागून आहे. म्हणून दादांना आणि ताईंना विचारूनच, नावं न घेता आम्ही हे सांगतो आहोत.

पुरुषाला स्तनाचा कॅन्सर होतो तरी कसा? मुलगा असो की मुलगी, जन्मतः दोघांच्याही छातीत थोडा स्तनाचा भाग असतो. वयात आल्यावर मुलीचा वाढतो, मुलाचा बोंडामागं थोडासाच राहतो. पण असतो तर खरा! स्तनाच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. बहुतेकांना साठीच्या पुढं होतो, पण कमी वयातही होऊ शकतो. जागा थोडी असल्यानं गाठ लवकर कातडीला आणि खालच्या स्नायूला भिडते. म्हणून थांबून चालत नाही.

खुणा ध्यानात ठेवा. बोंडाखाली किंवा बाजूला कडक गाठ, बहुधा न दुखणारी. बोंड आत जाणं. त्यातून पाणी किंवा रक्त येणं. बरी न होणारी जखम. काखेत गाठ. यातलं एकही दिसलं तर लेप, शेक, चोळणं नको. सरळ सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथून सर्जनकडे जा. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईनं तुकडा काढून तपासणी, यातून नक्की कळतं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही समजूत चुकीची आहे.

वयात येणाऱ्या पोरांची किंवा म्हाताऱ्या माणसांची छाती कधी कधी थोडी फुगते. ते बहुतेक वेळा कॅन्सर नसतं. त्यावरून कुणाला चिडवू नका. शंका आली तर डॉक्टरांना विचारा.

आता मैत्रिणींनो, आपल्या लेकींसाठी एक गोष्ट. काही घराण्यांत हा धोका रक्तातून पुढं येतो, आणि तो बापाकडूनही येतो. लेकीला आणि लेकालाही. म्हणून वडिलांना, चुलत्यांना किंवा आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर ते लपवू नका. लेकीनं आपल्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. बापानं लाजेपायी झाकलं, तर लेक सावध कशी होणार?

खर्चाची भीती वाटते, खरं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.

तिशीपुढच्या बायकांना स्तनाच्या तपासणीसाठी उपकेंद्रावर बोलावतात. पुरुषांना कुणी बोलवत नाही. त्यांची गाठ पहिल्यांदा दिसते ती घरच्यांनाच. म्हणून आज रात्री जेवणं झाली की मालकांना, सासऱ्यांना, भावाला निवांत विचारा, "छातीला कुठं गाठ-बिठ तर नाही ना?" हसतील, हसू द्या. पण विचारा.

पुढच्या बैठकीत कुणीकुणी विचारलं, ते आम्ही सगळ्याजणी एकमेकींना सांगणार आहोत. तुमच्या गटातही सांगा.