सपाट वाटेवरून सायकलने
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत प्रवासाविषयी बोलावे, असा कार्यवाहांचा निरोप आला तेव्हा मी थोडा संकोचलो. विलायतेची प्रवासवर्णने मराठीत उदंड झाली आहेत. म्हणून आज मी आपणांस लंडनला नेणार नाही. केंब्रिजच्या उत्तरेस व पूर्वेस जो सपाट, शांत मुलूख पसरला आहे, तेथे आम्ही पतिपत्नींनी एका जून महिन्यात आठवडाभर सायकलने भटकंती केली. तिची हकिकत सांगणार आहे. साठी उलटलेल्यांनी सायकलवर बसावे याचे काहींना हसू येईल; परंतु ज्यांचे बालपण पुण्यात गेले, त्यांना सायकल हे वाहन न वाटता घरातलेच एक माणूस वाटते, हे येथील बरीच मंडळी जाणतात.

सायकलने हिंडण्याची परंपरा इंग्लंडात जुनी आहे. सायकलस्वार प्रवाशांचा क्लब तेथे १८७८ साली स्थापन झाला. हवा भरलेले रबरी टायर त्यानंतर दहा वर्षांनी आले. या परंपरेतील खरा रसिक घाई करीत नाही. आमचाही नेम दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटरचा होता. कॅरियरवर कपड्यांची पिशवी, हँडलवर नकाशा, आणि देऊळ, पूल किंवा चहाचे दुकान दिसले की उतरायचे. जूनमध्ये तेथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे वेळेची ददात नव्हती.

आरंभ केंब्रिजहून केला. मराठी माणसाला त्या गावी परके वाटत नाही. १८९९ साली सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथे सीनियर रँग्लर झाले आणि 'रँग्लर' हा शब्द आपल्या घराघरांत कायमचा राहायला आला. कॉलेजच्या दारातून आत डोकावून आम्ही मनोमन नमस्कार केला आणि ईशान्येची वाट धरली.

गाव मागे पडताच जमीन अशी सपाट होते की आकाशच चहूकडून खाली उतरल्यासारखे दिसते. या प्रदेशाला 'फेन' म्हणतात. सपाटीवर सायकल चालविणे सोपे, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच दिवशी दूर झाली. आडोशाला ना टेकडी ना झाडी. समोरून वारा सुटला की तोच घाट होऊन बसतो. रस्तेही दुरून सरळ दिसतात, पण चाक त्यांवरून होडीसारखे वरखाली होत जाते. असे का, याचा उलगडा पुढे झाला.

एके ठिकाणी आम्ही बांधाखाली बसून शिदोरी सोडली. सहज मान वर केली, तर डोक्याच्या वरून एक नाव संथपणे चालली होती! नदी वर आणि शेत खाली, असा हा उलटा संसार. मोटारीतून जाणाऱ्याला तो गवताचा बांध तेवढा दिसला असता.

त्यामागे साडेतीन शतकांहून जुनी कथा आहे. पूर्वी हा सारा मुलूख दलदलीचा होता. तेथील लोक वाम मासे, पाणपक्षी आणि बोरू यांवर गुजराण करीत. सतराव्या शतकात बेडफर्डच्या अर्ल उमरावाने व त्याच्या भागीदारांनी भांडवल घातले, कॉर्नेलियस फर्मायडन या डच स्थापत्यविशारदाने सरळ रेषेत कालवे खणले आणि पाणी समुद्राकडे वाहू लागले. ज्यांची उपजीविका बुडाली त्यांनी बांध फोडले, दंगे केले. पण शेवटी शेतीचा जय झाला. जमीन कसदार होती, पीक सोन्यासारखे आले.

मात्र ही माती म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली साठलेला काळा पालापाचोळा. त्याला पीट म्हणतात. पाणी निघून वारा लागला की तो सुकतो, झिजतो आणि जमीन खचते. रस्त्यांच्या लाटा त्यामुळेच. पीटरबरोजवळ होम फेन येथे १८५१ साली एक लोखंडी खांब माथ्यापर्यंत जमिनीत पुरला होता. आज तो सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. शेते नद्यांच्या खाली गेली, म्हणून पाणी उपसून वर टाकणे आले. प्रथम पवनचक्क्या, मग वाफेची यंत्रे, मग डिझेल आणि आता वीज. हे पंप कायमचे थांबले, तर खालची शेते पुन्हा पाण्याची होतील.

वाटेत विकेन फेन लागले. येथे मूळच्या दलदलीचा एक तुकडा राखला आहे. नॅशनल ट्रस्टने त्यातील पहिली दोन एकर जागा १८९९ साली, म्हणजे रँग्लर परांजप्यांच्याच वर्षी, दहा पौंडांना घेतली. शेजारची शेते खचली, हा तुकडा ओला राहिल्यामुळे उंच राहिला. तेथे एक जुनी लाकडी पवनचक्की आहे. एके काळी ती पाणी बाहेर काढण्यासाठी फिरे. आता पाणी आत घेण्यासाठी तिचा उपयोग होतो. एका पिढीने जे हौसेने घालविले, ते दुसरीला कष्टाने परत आणावे लागते.

मग क्षितिजावर एलीचे कॅथीड्रल दिसू लागले. दलदलीतील बेटावर १०८३ साली त्याचे काम सुरू झाले. लोक त्याला फेनचे जहाज म्हणतात. दोन तास पायडल मारीत होतो, ते हळूहळू मोठे होत होते. आळंदीच्या वाटेवर कळस दिसल्यावर होते तसे मन झाले. १३२२ साली त्याचा मधला मनोरा कोसळला. तेथील साधूंनी तोच मनोरा पुन्हा उभा करण्याचा हट्ट धरला नाही. चार खांबांच्या जागी आठ खांबांचा विस्तीर्ण अष्टकोन बांधला आणि वर ओकच्या प्रचंड तुळयांचा कंदील चढविला. त्यातून उतरणाऱ्या उजेडात आम्ही बराच वेळ नुसते बसून राहिलो.

एलीहून सायकली आगगाडीत घालून बरी सेंट एडमंड्सला उतरलो व सफोकमधील लॅव्हनम गाठले. तेथे जमीन थोडी वरखाली होते. हे गाव निळ्या लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. व्यापाऱ्यांच्या पैशांतून त्रेचाळीस मीटर उंचीचा चर्चचा मनोरा उभा राहिला. पुढे कोल्चेस्टरला आलेल्या डच निर्वासितांनी हलके, स्वस्त कापड विणावयास घेतले आणि लॅव्हनमचे माग थंडावले. सुमारे १५३० सालचा तेथील गिल्डहॉल पुढे तुरुंग झाला, मग अनाथाश्रयही झाला. नवी घरे बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनीच कलती, लाकडी चौकटींची घरे उरली. आज जग ती पाहायला येते. त्या सौंदर्याची किंमत कित्येक पिढ्यांच्या गरिबीने मोजली आहे, हे छायाचित्र घेताना विसरू नये.

सात-आठ किलोमीटरवरील लाँग मेलफर्डच्या चर्चवर बाहेरच्या भिंतीतच दगडात देणगीदारांची नावे कोरली आहेत, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून. मला आपली स्मरणिका आठवली! पाचशे वर्षांपूर्वीही कार्यकारिणीला तीच चिंता होती.

मंडळी, परत आलो तेव्हा मित्रांनी विचारले, त्या सपाट मुलखात पाहण्यासारखे काय होते? मी म्हटले, सपाटी. ती आपोआप राहिलेली नाही. कोणी तरी दररोज पाणी उपसते, म्हणून गहू उभा राहतो. आपल्या मंडळाचीही पन्नास वर्षे आज अशीच सुरळीत, सपाट दिसतात. गणपतीच्या सतरंज्या उचलणारे, वर्गणीसाठी परक्या शहरात दारोदार फिरणारे, रविवारी मुलांना बाराखडी शिकविणारे हात त्या सपाटीखाली आहेत. त्यांतले बरेच आज सभागृहात नाहीत. हा पंप थांबू नये, एवढीच तरुण मंडळींना विनंती करतो आणि आपली रजा घेतो.