३५ नंबर छताला लावायचा की नाही?

आजचा विषय ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल. एका जर्सीवरचा आकडा, ३५. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी थंडर या एनबीए टीमने तो रिटायर करावा का? रिटायर म्हणजे यापुढे तो नंबर त्या टीममध्ये कुणालाच मिळणार नाही, आणि त्या जर्सीचं मोठं बॅनर हॉलच्या छताला कायमचं लटकेल. बास, एवढंच. पण हा आकडा केव्हिन ड्युरँटचा आहे, म्हणून भांडण आहे.

सुरुवात २१ ऑक्टोबर २०२५ च्या मॅचपासून करूया. नव्या सीझनची पहिलीच रात्र. जूनमध्ये थंडरने इंडियाना पेसर्सना सात मॅचच्या फायनलमध्ये हरवून ओक्लाहोमात पहिल्यांदा चॅम्पियनशिप आणली होती. त्यामुळे आधी खेळाडूंना अंगठ्या, चॅम्पियनशिपचं बॅनर, सगळा सोहळा. आणि समोरची टीम कोण, तर ह्यूस्टन रॉकेट्स. त्यांच्याकडून पहिल्यांदा खेळायला उतरलेला माणूस कोण, तर ड्युरँट. जर्सीवर ३५ नाही, ७. मॅच डबल ओव्हरटाइममध्ये गेली. शेवटचे दोन-अडीच सेकंद उरलेले असताना ड्युरँटने शे गिल्जस-अलेक्झांडरला फाउल केला. त्याचा सहावा फाउल, म्हणजे तो मॅचमधून बाहेर. शेने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि थंडर १२५-१२४ ने जिंकली.

कुणी लिहून काढलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

ज्यांना मागची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्युरँटला २००७ मध्ये सिएटल सुपरसॉनिक्सने ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर उचललं. एक वर्ष तो सिएटलमध्ये खेळला. २००८ मध्ये ती अख्खी टीमच उचलून ओक्लाहोमाला नेली आणि नाव बदलून थंडर केलं. (हा मुद्दा लक्षात ठेवा, परत येणार आहे.) ओक्लाहोमातला पहिला सीझन वाईट गेला, २३ जिंकल्या, ५९ हरल्या. आणि चारच वर्षांत, २०१२ ला, हीच टीम फायनलमध्ये. त्या टीममध्ये ड्युरँट, वेस्टब्रुक आणि हार्डन असे तिघं होते, आणि तिघंही पुढे एमव्हीपी झाले. ड्युरँट तर ओक्लाहोमातच झाला, २०१४ मध्ये. सीझनचा सर्वात जास्त स्कोअर करणारा खेळाडू म्हणून चार वेळा त्याचं नाव आलं, ते चारही वेळा याच जर्सीत.

मग आलं २०१६. वेस्टर्न कॉन्फरन्सची फायनल, समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स. त्या सीझनला ८२ पैकी ७३ मॅच जिंकलेली टीम. थंडर ३-१ ने पुढे होती. एकच मॅच हवी होती. तीन सलग हरले. त्यातली सहावी मॅच ओक्लाहोमाच्या स्वतःच्या हॉलमध्ये होती, आणि क्ले थॉम्पसनने तिथे अकरा थ्री-पॉइंटर मारले. ड्युरँटचा करार संपला होता. ४ जुलैला त्याने एक छोटा लेख लिहून जाहीर केलं, मी वॉरियर्सकडे चाललोय.

म्हणजे ज्यांनी महिन्याभरापूर्वी हरवलं त्यांच्याकडेच. आणि ट्रेड नाही, तर फ्री एजंट म्हणून, त्यामुळे थंडरच्या हातात बदल्यात एक रुपयाही, सॉरी, एक खेळाडूही आला नाही. तिकडे जाऊन तो लगेच २०१७ आणि २०१८, दोन्ही फायनल जिंकला आणि दोन्ही वेळा फायनलचा एमव्हीपी झाला.

आता मी काय म्हणतोय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. ३५ वर लागला पाहिजे. पण विरोध करणाऱ्यांना मूर्ख ठरवून नाही, कारण त्यांचा राग खरा आहे.

बघा ना. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसमधून एक स्टार गेला तर दुसरा येतो. शिवाय तिथे बेसबॉल आहे, अमेरिकन फुटबॉल आहे. ओक्लाहोमा सिटीत मोठ्या लीगची टीम ही एकच. ड्युरँट त्या शहराचा चेहरा होता. २०१३ च्या मे महिन्यात शेजारच्या मूर गावावरून चक्रीवादळ गेलं, २४ माणसं गेली, तेव्हा त्याने रेड क्रॉसला दहा लाख डॉलर दिले होते. असा माणूस जातो तेव्हा लोक कराराची कलमं वाचत बसत नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो वॉरियर्सकडून पहिल्यांदा तिथे खेळायला आला तेव्हा हॉलभर 'कपकेक'चा ओरडा. कपकेक म्हणजे लेचापेचा. लोक कपकेकचे टी-शर्ट घालून आले होते. त्याने ३४ पॉइंट्स टाकले आणि वॉरियर्स जिंकले. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

तर राग मान्य. प्रश्न असा आहे की छताला लावलेलं बॅनर नेमकं कशाचं असतं? चारित्र्याच्या दाखल्याचं, की या हॉलमध्ये काय घडलं त्या नोंदीचं?

थंडरने आतापर्यंत ओक्लाहोमात ज्याचा नंबर वर लावलाय त्याचं नाव निक कॉलिसन. नंबर ४, मार्च २०१९ मध्ये. कॉलिसन म्हणजे करिअरमध्ये मॅचला सरासरी सहाच्या आसपास पॉइंट्स. स्क्रीन लावायचे, अंगावर धडक घ्यायची, पोरांना शिकवायचं. सिएटलपासून शेवटपर्यंत एकाच टीमबरोबर राहिला. मला हा निर्णय प्रचंड आवडतो. एनबीएत अशी मानाची जागा बहुतेक वेळा स्टार लोकांनाच मिळते, इथे आधी एका कामकरी माणसाला मिळाली.

पण त्यामुळेच माझा मुद्दा उलट पक्का होतो. निष्ठेचं बॅनर लागलंय. छान. आता समजा दहा वर्षांचं पोरगं बापाचा हात धरून त्या हॉलमध्ये येतं आणि वर बघतं. वर ४ आहे. पुढे कधीतरी वेस्टब्रुकचा ० लागेल, त्याबद्दल कुणाचा वाद असेल असं वाटत नाही. आणि त्याच्याबरोबर आठ वर्षं खेळलेला, सगळ्यात जास्त स्कोअर करणारा, या शहराचा पहिला एमव्हीपी? तो नाहीच. पोरगं विचारेल, मग २०१२ ला फायनलला कोण घेऊन गेलं? कॉलिसन? गिटमध्ये एखाद्याचे सगळे कमिट काढून टाकले तर कोड चालतो का बघा. इथेही तेच. नाव पुसलं तरी त्याने केलेलं काम टीमच्या पायात राहतंच.

आता तो सिएटलचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त इथेच हसू येतं, म्हणजे कडवट हसू. ड्युरँट सोडून गेला म्हणून गद्दार. ठीक. पण ही टीम आली कुठून? सुपरसॉनिक्स सिएटलमध्ये १९६७ पासून होती. ४१ सीझन. १९७९ ची चॅम्पियनशिप. २००६ मध्ये स्टारबक्सवाल्या हॉवर्ड शुल्ट्झने ती ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट आणि मंडळींना विकली. नव्या हॉलवरून वाद झाला, कोर्टापर्यंत गेलं, शेवटी जुन्या हॉलचा भाडेकरार तोडायला ४५ दशलक्ष डॉलर सिएटल शहराला देऊन टीम ट्रकमध्ये भरली. सिएटलला टीमचं नाव आणि रंग ठेवायला मिळाले, खेळाडू गेले. तिथल्या माणसाला विचारा गद्दारी कशाला म्हणतात ते.

मी ओक्लाहोमाच्या फॅनला दोष देत नाहीये. टीम त्याने आणली नाही, त्याला ती मिळाली. पण जी टीम स्वतः एक शहर सोडून आलीय तिने 'सोडून जाणं' हा एकच निकष लावू नये. शिवाय टीम माणसं पाठवते तेव्हा? ऑक्टोबर २०१२ मध्ये, फायनलनंतर चारच महिन्यांत, पैशाचं जमलं नाही म्हणून थंडरने हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं. त्याला आपण 'बिझनेस' म्हणतो. मालक करतो तो बिझनेस आणि खेळाडू करतो तो दगा, हे मला नोकरी करणारा माणूस म्हणून पटत नाही. माझ्या ओळखीतले निम्मे लोक दर दोन वर्षांनी कंपनी बदलतात, आणि फेअरवेलला केक कापतात. कपकेक नाही!

हां, पण नोकरी आणि खेळ एकच नाहीत, हेही खरं. कुणी आमच्या ऑफिसबाहेर आमच्या नावाचा टी-शर्ट घालून उभं राहत नाही. म्हणून हे उदाहरण फार ताणू नका.

मधे एक गोष्ट घडली ती सांगतो. २०१७ मध्ये, ड्युरँट जाऊन वर्षच झालं होतं, थंडरने ३५ नंबर पी. जे. डोझियर नावाच्या एका नव्या पोराला देऊन टाकला. ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, मुख्य टीम आणि खालच्या लीगच्या टीममध्ये ये-जा करणाऱ्या करारावरचा खेळाडू. ड्युरँटला हे लागलं, आणि त्याने ते लपवलं नाही. पण त्याच दमात तो असंही बोलला की शेवटी कधीतरी तो नंबर वर लागणारच आहे.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? कारण त्याच सुमारास, ३१ ऑगस्ट २०१७ ला, कोलंबोत आपला पालघरचा शार्दूल ठाकूर पहिली वनडे खेळायला उतरला, पाठीवर १० नंबर घालून. सचिनचा १०. सोशल मीडियावर लोकांनी त्या पोराला सोलून काढला. नंतर तो ५४ घालायला लागला आणि बीसीसीआयने १० कुणाला द्यायचाच नाही असं ठरवून टाकलं. शार्दूलची चूक काय होती? नियमाप्रमाणे नंबर मोकळा होता, बोर्डाने काही ठरवलंच नव्हतं. मोठ्यांनी वेळेत निर्णय घेतला नाही की तो भार कुठल्यातरी पंचवीस वर्षांच्या नवख्याच्या पाठीवर येतो, इथेही आणि तिथेही.

आणि नंबर मधल्या काळात कुणी घातला म्हणजे दार बंद झालं असंही नाही. टोरंटोचं बघा. व्हिन्स कार्टर २००४ च्या डिसेंबरमध्ये रॅप्टर्स सोडून गेला, बऱ्याच कटकटीनंतर. पुढे कितीतरी वर्षं तो तिथे बॉल हातात घ्यायचा आणि हॉल बू करायचा. त्याचा १५ नंबर अमीर जॉन्सनने घातला, आणखी काहींनी घातला. २०१४ मध्ये हॉलमध्ये त्याच्यासाठी एक व्हिडिओ दाखवला, लोक उभे राहिले, तो रडला. आणि २ नोव्हेंबर २०२४ ला रॅप्टर्सने आपल्या इतिहासातला पहिला रिटायर केलेला नंबर म्हणून १५ वर लावला. वीस वर्षं लागली. मधे २०१९ ला टोरंटोने चॅम्पियनशिप जिंकली होती, आणि माझ्या मते तिथेच गाठ सुटली. स्वतःकडे काही असलं की माणूस मोकळेपणाने माफ करतो. ओक्लाहोमाकडे आता ते आहे. शे आहे, चॅम्पियनशिप आहे. त्या पहिल्या रात्री ड्युरँटच्या फाउलवर जिंकलेली मॅचसुद्धा आहे.

उलट वॉरियर्सचं बघा. ड्युरँट तिथे तीन सीझन खेळला. २०१९ मध्ये तो गेला त्याच आठवड्यात मालक जो लेकब यांनी जाहीर केलं की मी आहे तोवर ३५ कुणालाही मिळणार नाही. तीन सीझनवाल्यांनी सांगितलं, आठ सीझनवाले गप्प.

आणि ३५ च का, हे किती जणांना माहीत आहे? ड्युरँट मेरीलँडचा. लहानपणी त्याला बास्केटबॉल शिकवणाऱ्यांमध्ये चार्ल्स क्रेग नावाचे एक कोच होते. २००५ मध्ये त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यांचं वय होतं ३५. तेव्हापासून पोराने तो नंबर घेतला. म्हणजे ओक्लाहोमा ज्या आकड्यावर चिडलंय तो आधीपासूनच एका गेलेल्या माणसाच्या आठवणीचा आहे. ते बॅनर लागलं तर त्यात थोडे क्रेगही असतील.

कधी लावायचं? आत्ता नाही. ड्युरँट अजून खेळतोय, तेही थंडरच्याच कॉन्फरन्समध्ये, प्लेऑफमध्ये समोरासमोर येऊ शकतात. विरोधी टीमच्या खेळाडूसाठी सोहळा कोण करणार? आधी वेस्टब्रुकचा ० लागू दे. तो मान त्याचाच, ड्युरँट गेल्यावर तोच मागे राहिला. मग ड्युरँटने बूट काढले की एक रात्र ठरवा. बू होईल थोडं, होऊ दे, टोरंटोतही लोक एका दिवसात बदलले नाहीत. माईक कॉलिसनच्या हातात द्या. तो दोघांबरोबर खेळलाय, आणि त्याच्याकडे बोट दाखवून बू करायची हिंमत त्या हॉलमध्ये कुणाची होणार नाही.