समोर अचानक काही आले तर…

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता स्कूटी चालवतात. बँक, बाजार, डेअरी, दवाखाना, कशासाठीच कुणाची वाट बघावी लागत नाही. पण एखादी रस्त्यात पडली, की लागलं किती हे विचारायच्या आधीच घरात ऐकायला मिळतं, 'उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही.' म्हणून ही मोकळीक आपणच सांभाळायची आहे.

आधी एक साधा हिशेब बघू. ताशी 40 च्या वेगात गाडी एका सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. कुत्रं दिसलं, मनाने ओळखलं आणि हात ब्रेकवर गेला, एवढ्यातच सेकंदभर जातो. गाडी थांबायला लागते ती त्यानंतर. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. ती एखाद्या झाडापाशी पोचली की मनात म्हणायचं, 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन.' त्याआधीच आपण झाडापाशी पोचलो, तर फार जवळ आहोत. पावसात आणखी दोन आकडे मोजायचे.

घाबरल्यावर आपली मूठ आवळली जाते आणि नेमका अॅक्सिलरेटर पिळला जातो. गर्दीत, वस्तीत, शाळेजवळ दोन बोटं ब्रेकवरच ठेवायची. कुत्रं किंवा वासरू आडवं आलं, तर हँडल झटक्याने वळवायचं नाही. मागून ट्रक येत असेल तर ते वळण जिवावर बेतेल. हँडल सरळ, अॅक्सिलरेटर सोडलेला, आणि दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू वाढवत दाबायचे. गाडी थांबेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. वाळू, चिखल किंवा पहिल्या पावसाचा बुळबुळीत रस्ता असेल, तर पुढचा ब्रेक जपून. आणि वासरू गेलं म्हणून लगेच निघायचं नाही, मागून गाय येतेच. चेंडू आला, की त्यामागे पोर धावतंच.

कारखाने सुरू झाले, की आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, आणि बंद पडलेली ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी असते. तेव्हा रात्री नियम एकच: आपल्या दिव्याचा उजेड जिथवर पडतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. समोरच्याच्या झगमगाटाने डोळे दिपले, तर त्या दिव्याकडे बघायचं नाही, डाव्या कडेकडे बघत वेग कमी करायचा. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला डावीकडून कधीच ओलांडायचं नाही. तो वळला, की मागची ट्रॉली आत घुसते आणि आपल्याला जागाच उरत नाही.

अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली, तर आधी वेग कमी करायचा आणि मगच साइडपट्टीवर उतरायचं. परत डांबरावर चढताना घाई नको. कड उंच असेल तर चाक तिला घासत घसरतं. जवळजवळ थांबून, मागे बघून चढायचं.

निघण्याआधी पदर, ओढणी खोचून घ्यायची. मागे बसणारीचीही बघायची, कारण चाकात अडकते ती बहुतेक तिचीच. हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं आणि त्याचा पट्टा लावलेला हवा. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं.

हे सगळं ऐकून हाताला वळण लागत नाही. म्हणून येत्या बैठकीनंतर शाळेच्या मोकळ्या मैदानात गाड्या न्या. 20 च्या वेगात या, आणि एकीने हात वर केला की थांबून दाखवा. असं दहा वेळा करा. कोण किती अंतरात थांबली ते खडूने आखा. नव्या शिकणारीला आधी संधी द्या, आणि तिला कुणी हसू नका.

आणि रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर 108 ला फोन करा. 2019 च्या कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा न घाबरता थांबा.

सावकाश जा, घरी पोचा.