दूध आटत नाही, पाजायला वेळ मिळत नाही

(शिरूर व दौंड तालुक्यातील वस्त्यांवरच्या महिलांच्या बैठकीत केलेले भाषण. बऱ्याच जणींनी मागितले म्हणून बुलेटिनसाठी लिहून काढले आहे.)



आजच्या बैठकीत गायरानाचा विषय आहे, सात-बाऱ्याचा आहे, आणि मधेच हा दुधाचा विषय कुठून आला, असं काही दादांना वाटलं. एकाने बोलूनही दाखवलं, की हे बायकांचं बायकांनी घरी बोलावं. पण मागचे दोन महिने मी अर्ज भरून घ्यायला वस्त्या-वस्त्यांवर फिरते आहे. कागदाचं काम संपलं, की कुणीतरी बाई मला पालाच्या मागे नेऊन हळूच विचारते, "ताई, मला दूधच पुरंना, काय करू?" ही एकीची गोष्ट नाही. न्हावऱ्याकडे विचारलं, मांडवगणला विचारलं, पाटसच्या बाजूला विचारलं, यवतला वीटभट्टीवर विचारलं. म्हणून हा विषय मीच घ्यायला लावला. दादांनी उठून जाऊ नये. शेवटी तुमच्यासाठीच काम आहे.

मी डॉक्टर नाही, बारावी झालेली बाई आहे. पण माझ्यावर जे गेलं ते सांगते, आणि त्यानंतर विचारून-वाचून जे कळलं तेही सांगते.

माझी थोरली मुलगी झाली तेव्हा मी विसाव्या दिवशी कांदा काढायला गेले. उचल घेतलेली होती, घरी बसून चालणार नव्हतं. बाळ नऊ वर्षांच्या नणंदेजवळ पालात. सकाळी अंधारात पाजून जायचं आणि दिवस बुडाल्यावर येऊन पाजायचं. पहिले चार-पाच दिवस दुपारी रानात माझी छाती भरून दुखायची, चोळी भिजून जायची. बांधावर बसून मी दूध पिळून मातीत टाकलं आहे. नंतर दुखणं थांबलं, भिजणं थांबलं. मला बरं वाटलं. मग पोरगी रात्रभर किरकिर करायला लागली आणि सगळ्या म्हणायला लागल्या, हिचं दूध आटलं.

तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे कुणी मला विचारलं नाही, की बाई, तू दिवसातून किती वेळा पाजतेस? पावडरचा डबा लिहून दिला. अर्धा किलोचा डबा तीन महिन्यांच्या बाळाला नीट मापाने दिला तर चार-पाच दिवसांत संपतो. एवढा पैसा कुणाजवळ आहे? मी तो डबा तीन आठवडे पुरवला. म्हणजे पोरीला पांढरं पाणी पाजलं. आणि पाणी तरी कुठलं? नदीचं. पुण्याच्या गटारीचं पाणी मुळा-मुठेतून वाहत येतं, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, आणि त्याच नदीकाठी आपण पालं ठोकतो. बाटली धुवायची त्यातच, पावडर कालवायची त्यातच. पोरीला हगवण लागली, डोळे आत गेले, टाळू खोल गेली. सलाईन लावावी लागली. त्या पैशासाठी पुन्हा उचल.

पोरगी वाचली ती माझ्या आत्यामुळे. आत्या शाळेत गेलेली नाही. तिने बाटली उकिरड्यावर फेकली आणि मला म्हणाली, "पोरी, दूध काय रांजणात भरून ठेवल्यालं असतंय व्हय? जेवढं वढंल तेवढं येतंय. तू वढूच दिलं नाहीस." तिने मला पंधरा दिवस कामाला जाऊ दिलं नाही. पोरगी उघडी माझ्या उघड्या अंगावर टाकायची आणि तासा-दोन तासाला छातीला लावायची, रात्रीसुद्धा. पहिले दिवस काहीच येत नव्हतं, पोरगी रडायची, मीही रडायचे. मधल्या दिवसांत आत्या उकळलेलं दूध वाटी-चमच्याने थोडं थोडं द्यायची. आठव्या-नवव्या दिवशी पोरीच्या गिळण्याचा आवाज आला. दूध परत आलं होतं.

नंतर एका आरोग्य शिबिरात नर्सबाईंनी तेच शिकवलं, जे आत्याने सांगितलं होतं. बाळ चोखतं, तो निरोप आईच्या डोक्यात जातो आणि पुढचं दूध तयार होतं. चोखलं नाही तर शरीर समजतं, याची गरज संपली. लहान बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. त्यातलं रात्रीचं पाजणं सोडू नये, कारण रात्री दूध जास्त बनतं. आता हिशोब करा. मी पाजत होते तीनदा, फार तर चारदा.

तुमच्यातल्या पुष्कळजणींचं दूध कमी झालेलंच नाही, नुसती भीती बसली आहे, हे मी का म्हणते ते सांगते. बाळ रडलं म्हणजे उपाशीच असतं असं नाही. त्याला गरम होतं, पोटात वायू होतो, आई जवळ हवी असते. संध्याकाळी तर पुष्कळ बाळं उगीच चोखत राहतात. दीड-दोन महिन्यांनी छाती पहिल्यासारखी टणक राहत नाही, मऊ पडते. तेव्हाही बाया घाबरतात. ते दूध कमी झाल्याचं लक्षण नाही, छातीला आता अंदाज आलेला असतो. पिळून बघितलं तर चमचाभरच निघतं, त्याचंही मनावर घेऊ नका. बाळाच्या तोंडाला जे जमतं ते हाताला जमत नाही. बघायचं ते बाळाच्या दुपट्याकडे. पहिला आठवडा गेल्यावर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा मुततंय, मूत पांढरट आहे, आणि महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. सासू काहीही म्हणो.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत तर सगळ्याच घाबरतात. तेव्हा फक्त चीक येतो, पिवळा, घट्ट, दोन-चार चमचे. तो पिळून टाकतात आणि बाळाला गुळाचं पाणी नाहीतर मध चाटवतात. आपल्यातही करतात आणि मोठ्या बागायतदाराच्या वाड्यातही करतात. बाळाचं पोट तेव्हा एवढंसंच असतं, त्याला तेवढाच चीक पुरतो. गाय व्याली की आपण वासराला आधी चिकाला लावतो की नाही? सहा महिने तर वरचं पाणीसुद्धा द्यायचं नाही, वैशाखातसुद्धा नाही. आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. भट्टीवरच्या बायांनी हे लक्षात ठेवा. बाळाला तहान लागली असं वाटलं तर छातीला लावा. पाणी तुम्ही प्या.

खरंच दूध कमी असणाऱ्याही बाया असतात, हे नाकारू नये. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, मोठा आजार असेल, बाळ कमी दिवसांचं असेल आणि चोखायचं बळ नसेल. पाळणा लांबवायला माला-डीसारख्या गोळ्या घेतल्या तरी दूध कमी होतं. पहिले सहा महिने त्या नकोत, नर्सबाईला दुसरा उपाय विचारा. बाळ सुस्त पडून राहतं, मूत गडद पिवळं होतं, वजन उतरतं, तर घरी बसू नका, उपकेंद्रात न्या. आणि अशक्त बाळाला दूध पिळून वाटी-चमच्याने द्या. बाटली नको.

अजून एक गोष्ट आहे, ती आपल्यातल्या बायांनाच कळेल. गाय घाबरली की पान्हा चोरते हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या वस्तीवर पहाटे धाड पडते, पुरुषांना उचलून नेतात, पालं उसकटतात, भांडी लाथाडतात. त्या दिवशी बाळ छातीला लावलं तर दूध उतरत नाही. १८७१ च्या कायद्याने आपल्याला जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला रद्द झाला, पण पहाटेची भीती काही गेली नाही. त्या दिवशी समजून घ्या, की दूध आटलेलं नाही, अडकलं आहे. एखादी मोठी बाई जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला, कोमट पाण्याने छाती शेकली, की थोड्या वेळाने सुटतं. त्याच दिवशी बाटली आणली तर मात्र खरोखर आटायला लागतं.

डब्याबद्दल थोडं बोलते. घरी रिकामा डबा असेल तर बघा, त्यावर बाळाचं चित्र नाही. कंपनीला तसं छापायला बंदी आहे. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, हे मात्र छापावंच लागतं. १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक केला. जाहिरात करायची नाही, फुकट नमुना द्यायचा नाही, दवाखान्यात पोस्टर लावायचं नाही. कायदा चांगला आहे. पण ज्या बाईला दुपारी पाजायला कोणी सोडत नाही, तिच्या हातात डबा येणारच, चित्र असो का नसो.

आता खाण्याचं. अळीव, डिंकाचे लाडू, मेथी, असं सगळं सांगतात. मिळालं तर खा, बाळंतिणीचं अंग भरून येतं. पण लाडू नाही म्हणून दूध नाही, असं नसतं. बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, सुकट, नदीचा मासा, याच्यावर आपल्या आज्यांनी पोरं वाढवली. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरोघर जर्शी गाई. सकाळी-संध्याकाळी डेअरीवर कॅन जातात, टँकर पुण्याला जातो. मालक गाईला सरकी पेंड घालतो, कारण पेंड कमी केली की गाय दूध कमी करते. बाई तसं करत नाही. बाई अर्धपोटी असली तरी बाळापुरतं दूध देते, मात्र ते तिच्या रक्तातून, हाडातून जातं. बाळ बरं दिसतं आणि आई पंचविशीत म्हातारी होते. म्हणून पेंडीची चौकशी होते आणि बाईच्या भाकरीची होत नाही.

ती चौकशी कुणी करायची? २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला आहे. प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला अंगणवाडीतून आहार द्यायचा, तेव्हाच्या मापाने रोज ५०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढा, आणि प्रत्येक वस्तीत केंद्र असलं पाहिजे. आपल्या वस्तीत केंद्र नाही. विचारलं तर उत्तर काय मिळतं? तुमची वस्ती गायरानावर आहे, अतिक्रमण आहे, नोंद नाही. म्हणजे जमीन नावावर नाही म्हणून आईला आहार नाही. त्याच गायरानाबद्दल शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा म्हणून. तारीख एकच, दहा वर्षांच्या अंतराने, आणि दोन्ही कागद आपल्यापर्यंत पोचले नाहीत. पुन्हा सांगतात, आदिवासींच्या योजना हव्यात तर आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात जा, प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे, शिरूर-दौंड आदिवासी क्षेत्रात बसत नाही. कोर्टाच्या हुकमात डोंगर आणि मैदान असा भेद नाही.

आणि वेळेचं. कारखान्यात कामाला असलेल्या बाईला कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी आहे, पगार न कापता. रोजगार हमीच्या कामावर सावली आणि पाळणाघराची सोय द्यायची असते. आपण भट्टीवर, ऊसतोडीत, खुरपणीला जातो, तिथे यातलं काही नाही. मग मुकादमाशी बोलावं लागेल, आणि हे दादांचं काम आहे. टोळी ठरवताना, उचल घ्यायच्या आधी, चारचौघांत सांगायचं: लेकुरवाळी बाई बाळ फडावर आणणार, सावलीला झोळी बांधणार, आणि दर दोन-अडीच तासांनी पाजायला बसणार, तिचा अर्धा कोयता कापायचा नाही. एकट्या बाईने सांगितलं तर तिला घरी बसवतील. टोळीने सांगितलं तर ऐकावं लागेल, ऐन हंगामात त्यालाही माणसं हवी असतात. बाळ नेणं अगदीच जमत नसेल तर सकाळी दूध पिळून झाकलेल्या उकळून घेतलेल्या भांड्यात ठेवा. उन्हाळ्यात चार तासांच्या आत वाटी-चमच्याने संपवायचं. दुपारी रानात छाती भरली तरी पिळाच, नाहीतर माझ्यासारखं होईल.

सोमवारी आपण पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अंगणवाडीचा अर्ज घेऊन जाणार आहोत. सोबत यादी लागणार आहे: सहा वर्षांच्या आतली किती मुलं, किती गरोदर, किती पाजणाऱ्या, वस्तीप्रमाणे. वही मावशींकडे आहे, तिकडे चुलीजवळ बसल्या आहेत. जेवायच्या आधी नावं सांगून जा. जिला नाव सांगायची लाज वाटते तिने माझ्याकडे यावं. आणि ज्यांच्या कडेवर सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्यांनी पंगतीत पहिल्यांदा बसायचं आहे, असं ठरलं आहे.