श्वासाच्या वाटेवरील व्रण



आजचा विषय वैद्यकाचा, आणि मी कलाशाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. शस्त्र कसे चालवावे हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु कोरोनाच्या 2020-21 या दोन वर्षांत ज्यांच्या घरचे माणूस व्हेंटिलेटरवरून परत आले, त्यांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी होती. पुढेही ती लागेल.

प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण 11 सेंटिमीटर लांबीची असते. कूर्चेच्या 18 ते 22 कड्या तिला उघडी ठेवतात. व्हेंटिलेटरची नळी तीत उतरवली की हवा बाजूने निसटू नये म्हणून नळीच्या टोकाजवळचा फुगा फुगवावा लागतो. या फुग्याचा दाब आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाबाहून अधिक झाला की तेथील रक्तपुरवठा थांबतो, व्रण पडतो. व्रण भरताना आकसतो आणि त्याबरोबर वाटही आवळली जाते. हे घडायला काही आठवडे लागतात. तोवर रुग्ण घरी आलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात. मग जिना चढताना धाप लागते, श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येतो. छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छच दिसतो. निदान होते दम्याचे! पंप सुरू होतो, गोळ्या सुरू होतात, आणि वाट मात्र अरुंद होतच राहते.

प्राण वाचवणारी नळीच पुढे प्राणावर बेतते, हा पेच जुना आहे. 1952 साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून रुग्णांना हाताने हवा पुरवण्याची रीत घालून दिली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले आणि अनेक मुले वाचली. पुढे यंत्रे आली, आणि त्यांच्यामागून हे आकसलेले व्रणही आले.

त्या काळी शल्यविशारदांचा समज असा, की श्वासनलिकेचा दोन सेंटिमीटरहून अधिक भाग काढल्यास टोके जुळायची नाहीत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील हर्मिस ग्रिलो यांनी हा समज गृहीत न धरता मृतदेहांवर मापे घेतली. मान पुढे झुकवून आणि नलिका सैल करून निम्म्याच्या आसपास लांबी काढता येते, असे त्यांनी 1964 मध्ये दाखवले. 1995 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 503 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील दहापैकी नऊंहून अधिक जणांना चांगला गुण आला होता. रक्तवाहिन्या नलिकेच्या दोन्ही बाजूंनी येतात, म्हणून बाजू खरवडायच्या नाहीत. शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठवडाभर हनुवटी छातीच्या कातडीला टाक्याने बांधून ठेवायची, म्हणजे मान मागे जाऊन नवा सांधा ताणला जात नाही. इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेचे यश एका साध्या टाक्यावर विसंबलेले असावे, याचे मला फार नवल वाटते.

पातळ पडद्यासारखे आकुंचन असेल तर दुर्बिणीतून लेझरने किंवा फुग्याने काम भागते. लांब व घट्ट व्रण मात्र रुंदावला तरी बहुधा पुन्हा आवळतो. पहिली शस्त्रक्रिया फसली की दुसरी अवघड होते. म्हणून सूज असताना घाई न करता गळ्यातील नळीवर काही काळ थांबणे, हेही उपचारच.

आपण विचाराल, कृत्रिम नळी का बसवू नये? 2011 पासून स्टॉकहोमला पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने तसे केले. जगभर गाजावाजा झाला. स्वीडनमधले ते तिन्ही रुग्ण दगावले आणि 2023 मध्ये तेथील अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. टिकाऊ पर्याय म्हणावा अशी कृत्रिम श्वासनलिका आजही उपलब्ध नाही.

तेव्हा आपला माणूस अतिदक्षता विभागात असेल तर फुग्याचा दाब मोजला जातो का, हे नम्रपणे विचारा. तो पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटर स्तंभाइतका राखायचा असतो. आणि घरी आल्यावर धाप लागू लागली, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की घशात नळी होती, आणि किती दिवस होती. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बीण घालून पाहू शकतात. त्या तपासणीला काही मिनिटे लागतात.