दक्षिणेचा माड आणि चढणाऱ्या बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



केरळात थंडी अशी पडतच नाही. पाऊस मात्र दोनदा येतो. जूनच्या आरंभीचा तो 'इडवपाती' आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा 'तुलावर्षम'. ऊब आणि ओल सरत नाही, म्हणून तेथे माडाची वाढ बारा महिने चालते.

माडाला साधारण महिन्याला एक झावळी फुटते आणि बहुधा प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय. पोय उमलल्यापासून नारळ पिकायला वर्ष लागते. म्हणून एकाच माडावर खाली पिकलेले नारळ, त्यावर शहाळी, त्यावर बोंडे आणि शेंड्याला नवी पोय! जणू आजीपासून तान्ह्या नातीपर्यंत भरलेले घरच. पण घड एकदम तयार होत नाहीत, म्हणून महिना-दीड महिन्याने वर चढावेच लागते.

चढणे हे पुरुषांचे काम. खालचे बायकांचे. सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजवायची, मग ती लाकडी दांडक्याने बडवून काथ्या सोडवायचा आणि त्याचे सुंभ वळायचे. कुजक्या सोडणांची ती घाण हाताला बसते. आळप्पुळा येथे काथ्याचा कारखाना 1859 साली निघाला आणि चटया परदेशी गेल्या, पण बडवणारणीच्या हाती चार पैसेच आले. पायपुसणे झटकताना हे आपल्या ध्यानात येत नाही.

पुढे तेथील तरुण आखाती देशांत आणि इतर नोकऱ्यांना गेले. उंच माडावर चढायला माणूस मिळेना. नारळ वरच पिकून आपोआप पडू लागले. तेव्हा कोचीच्या नारळ विकास मंडळाने 2011 साली चढण्याचे शिक्षण सुरू केले आणि त्यात बायकांनाही घेतले. यंत्र साधेच आहे. एकेका पायासाठी एक लोखंडी चौकट, तिची तार बुंध्याला वेढलेली. एक पाय उचलायचा, तार सैल होते. भार टाकला की घट्ट बसते. जिन्याप्रमाणे वर जायचे. पुरुषांनी पायाला दोरीचा फास घालून, छाती बुंध्याला घासत जे केले, ते बाई अशी उभ्याने करते. साडी मात्र चालत नाही, बरे का!

बाईने झाडावर चढू नये, असे म्हणणारे तेथेही होते आणि आपल्यातही असतील. मला वाटते, घाणीत बसून सोडणे बडवताना ज्यांनी तिला अडवले नाही, त्यांनी आता मध्ये पडू नये. वर चढणाराला झाडामागे मजुरी मिळते, ती रोख, आणि तिच्याच हातात.

पडण्याचा धोका आहेच. त्यासाठी त्या मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजना आहे. ज्यांच्या गावी माड आहेत, त्या भगिनींनी आपल्या पाडेलीचा विमा आहे का, एवढे या सुट्टीत जरूर विचारावे.