‘स्पेस इम्पॅक्ट’ला कुणी विचारलंच नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘शाळेनं काय दिलं’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर आधीच्या चौघांनी इतकं छान सांगितलंय की मी आता तेच गिरवत बसणार नाही. मी एका मोबाईल गेमवर बोलणार आहे. समोर बसलेल्या सरांच्या कपाळावर आठी दिसतेय, पण सर, पाच-सात मिनिटं सहन करा.

नोकिया ३३१० सगळ्यांना आठवतो. सन २००० मध्ये निघालेला, हातातून पडला तर फरशीची काळजी वाटावी असा. त्यात चार गेम होते. त्यातला एकच गेम आज सगळ्यांच्या तोंडी आहे, साप. त्याचं कौतुक व्हायलाच पाहिजे. १९९७ मध्ये नोकिया ६११० साठी तानेली अर्मांतो यांनी तो बनवला, हे नाव आज इंटरनेटवर कुणालाही सापडतं. पण सापाच्या शेजारीच ‘स्पेस इम्पॅक्ट’ होता. डावीकडे आपलं इवलंसं यान, उजवीकडून येणारे शत्रू आणि आपोआप सरकणारं आकाश. त्याची आठवण काढली की लोक म्हणतात, ‘हां, तो पण होता की.’ या ‘पण’ला माझी हरकत आहे.

३३१०चा पडदा आडवा ८४ आणि उभा ४८ ठिपक्यांचा. गुणाकार करा, ४०३२ ठिपके. रंग नाही, ठिपका एक तर काळा, नाही तर रिकामा. त्यातही वरची एक पट्टी जीव, शस्त्र आणि गुण दाखवण्यात जायची. उरलेल्या जागेत आठ लेव्हल, प्रत्येक लेव्हलच्या शेवटी एक मोठा राक्षस, आणि साध्या गोळीशिवाय तीन खास शस्त्रं: शत्रूला शोधत जाणारं क्षेपणास्त्र, समोरची आख्खी ओळ साफ करणारा लेझर, आणि वरपासून खालपर्यंत उभी भिंत. सुरुवातीला जीव तीन, क्षेपणास्त्रंही तीनच. ती कधी उडवायची, हाच खरा खेळ. पहिल्या राक्षसावर उधळली की पुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं.

हा प्रकार नोकियानं शोधला असं नाही. जपानी कंपन्यांचे ‘ग्रेडियस’ (१९८५) आणि ‘आर-टाइप’ (१९८७) हे याच घराण्यातले थोरले. पण ते नाणं टाकून खेळायच्या कपाटाएवढ्या यंत्रावरचे. वसमतला आपण काय पाहिलं? टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्यात ‘कॉन्ट्रा’. कॉन्ट्रामध्ये बहुतेक ठिकाणी आपण थांबलो की पडदा थांबतो. दम खाता येतो, शेजारच्याला शिव्या घालता येतात. स्पेस इम्पॅक्टमध्ये आकाश कुणासाठी थांबत नाही. म्हणून तो अवघड, आणि म्हणूनच बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला सोडून दिला. साप कसा, आजोबाही खेळायचे.

आता मुद्द्यावर येतो. हा गेम शेवटापर्यंत गेलेला मी पाहिलेला पहिला माणूस आपल्याच वर्गातला. नाव घेत नाही, त्याला ते आवडणार नाही. पण त्याला विचारूनच सांगतोय. त्याच्या काकांची मोंढ्यात हळदीची आडत होती आणि आडतीवर एक ३३१० होता. शाळा सुटली की हा आडतीवर बसायचा. बीट संपलेलं, हमाल चहाला गेलेले, लाईट गेलेली. तेव्हाचं लोडशेडिंग तुम्हाला सांगायला नको. चार्जिंग जपायचं म्हणून त्यानं गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज, उजेड आणि थरथर, तिन्ही बंद करून ठेवलेलं. दुकानाच्या दारातल्या उजेडाकडं फोन तिरका धरून तो खेळायचा.

एके दिवशी त्यानं मला गणिताची आलेखवही दाखवली. शेवटून उघडली. पानापानांवर चौकटीत बारीक खुणा. मी विचारलं, ‘हे काय?’ म्हणाला, ‘पाचवी लेव्हल. यायची वेळ आणि उंची ठरलेली असते रे. दर वेळी तेच येतात.’ कुठला शत्रू कितव्या नंबरला आणि किती चौकटी वर येतो, हे त्यानं मरता मरता लिहून काढलं होतं. एका लेव्हलचं एक पान. कुठं क्षेपणास्त्र वापरायचं आणि कुठं नुसतं खाली सरकून वाट द्यायची, त्याच्या वेगळ्या खुणा. आज मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. असे तक्ते आमच्याकडं भिंतीवर लावून, चार माणसं समोर उभी राहून चर्चा करतात.

तीच वही मार्चमध्ये त्याच्या काही कामी आली नाही. गणित राहिलं. ऑक्टोबरला निघालं, तोवर आम्ही नांदेडला अकरावीत जाऊन बसलो होतो आणि तो कायमचा आडतीवर. मी हे कुणावर ठपका ठेवायला सांगत नाही. साठ पोरांच्या वर्गात वहीची मागची पानं कोण बघणार? पण वीस वर्षं आपण सगळे त्याच्याबद्दल बोलताना ‘तो पण होता की’ असंच बोलत आलो, हे मला इथं, सगळ्यांच्या देखत म्हणायचं होतं.

स्पेस इम्पॅक्ट पुढं नोकिया ११०० मध्येही ‘प्लस’ लावून आला, तोच बॅटरीवाला. शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या किती जणांच्या खिशात तो होता, देव जाणे. कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. मी मात्र आजही सांगेन, ४०३२ ठिपक्यांत त्याहून भरगच्च काम मी पाहिलेलं नाही. आणि मी पोटापाण्यासाठी दिवसभर पडदेच बघतो.

तर, आमचा आडतवाला तिसऱ्या रांगेत बसलाय, निळ्या शर्टात. मान खाली घालू नकोस रे. मी जुन्या बाजारातून एक ३३१० मिळवलाय, काल रात्रभर चार्ज केलाय. वही त्याच्याकडं अजून आहे, असं तो सांगतो, पण आज आणली नाही. म्हणे पाठ आहे. जेवणं झाली की मंडपाच्या मागं या. सर, तुम्हीसुद्धा.